चुंबकाला न चिकटलेलं

सोमवार, ९ फेब्रुवारी
सकाळ, शटर अजून अर्धंच वर

चि. वायसर हिला,

बाबाचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर आईच्या चेहऱ्यावरून मला कळलं असतं. तुझा फोन तिला येतो, माझ्या वाट्याला 'बाबांना सांग' एवढंच येतं. तक्रार नाही. तेवढंच मी आठवडाभर पुरवून पुरवून खातो.

आईचा गुडघा तसाच आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तिने ते मान्य केलंय, आणि ती चालत नाही. समोरच्या शिंप्याने नवं मशीन घेतलं. त्याच्या खडखडाटामुळे मला गाड्यांचे आवाज नीट ऐकू येत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे डावा कान कामातून गेलाय. हे आईला कळवू नकोस, ती लगेच मला कुठेतरी दाखवायला नेईल.

वायसर म्हटलेलं तुला अजून चालतं का, माहीत नाही. लहानपणी हाक मारली की सापडायची नाहीस, नटाखालच्या चकतीसारखी कुठल्या तरी गाडीखाली घरंगळलेली असायचीस, म्हणून ते नाव पडलं. आता बोटीच्या इंजिनावर जाणाऱ्या बाईला असं म्हणणं बरं दिसत नाही. पण मला दुसरं सुचत नाही.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. कुठूनतरी वाचून आलेलं. तेलाच्या फिल्टरला बाहेरून चार जाडजूड मॅग्नेट चिकटवून आणले होते त्याने. मला विचारतो, "काका, तेलातला सगळा कचरा हे धरतं ना?" तुला माझं भाषण पाठ आहे. मॅग्नेट खोटं बोलत नाही, इथपासून सुरू होणारं. मी तोंड उघडलं आणि जीभ रेटेना. "लोखंड धरतं," एवढंच म्हणालो आणि पाना शोधायला आत गेलो. पाना हातातच होता.

तुला ते कागद आठवतात का? नऊ वर्षांची होतीस. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरच्या तळाचा नट मी सोडायचो, तेल ट्रेमध्ये उतरायचं, आणि नट तुझ्या हातात द्यायचो. त्याच्या टोकाच्या चुंबकाला झिजलेल्या लोखंडाची काळी लव आलेली असायची. "नटाला दाढी आली," म्हणायचीस. ती तू जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पुसायचीस आणि चिमटीत चोळून बघायचीस. पिठासारखी लागली तर ठीक, बोटाला टोचली तर मला हाक. मग कागदावर तारीख, गाडी, आणि खाली दोन ओळी, मिस्त्री कोण आणि हाताखाली कोण. तारेला चिमटा लावून लटकवून द्यायचा. गिऱ्हाइकं ते कागद बघून खूश व्हायची. मिस्त्रीच्या ओळीत कायम मी असायचो. तू पंचवीस वर्षांची झालीस, इंजिनाचा आवाज माझ्याहून चांगला ओळखू लागलीस, तरी मीच.

आई म्हणाली, एकवीस तारखेला तू रुजू होतेस, आणि मग दोन वर्षं बोटीवरच. ऐकून छाती फुगली. शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, त्या चार मॅग्नेटवाल्यालाही सांगितलं. मग घरी येऊन तुझ्या खोलीत जरा बसलो. तुझ्या टेबलाच्या खणात अजून ग्रीसचा वास येतो, बाई. आई तो पुसू देत नाही. पुसायला मी गेलोच नव्हतो, पण तिने आधीच बजावून ठेवलंय.

बोटीच्या इंजिनात तेल किती मावतं? तिथेही चुंबक लावतात का? विचारायचं असं खूप साठलंय.

असो. परवाच कपाट आवरताना दातवाल्या डॉक्टरांच्या गाडीचा तो जुना फिल्टर सापडला.

हे वाक्य लिहून मी चहा करून आलो. ते खरं नाही. मी कपाट आवरलेलं नाही, तुला माहीतच आहे मी आवरणाऱ्यातला नाही. फिल्टर कुठे आहे हे मला चार वर्षं ठाऊक होतं. खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून मीच ठेवला होता. फेकवत नव्हता आणि कापवतही नव्हता. त्या चार मॅग्नेटनी मला परवा झोपू दिलं नाही, म्हणून काल करवत घेतली आणि कापला.

आत कागदाच्या घड्या असतात तशा होत्या. उलगडून उन्हात धरल्या. सोनेरी कण, तू म्हणाली होतीस तसेच, अगदी भरपूर. वरून चुंबक फिरवला. एक कण हलला नाही.

आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, "हे कसलं?" म्हटलं, इंजिनाच्या दांड्याखाली पातळ वाट्या असतात, चंद्रकोरीसारख्या, त्यांचा हा चुरा. त्या लोखंडाच्या नसतात, म्हणून चुंबकाला चिकटत नाहीत. ती म्हणाली, "मग पोरगी हेच सांगत होती ना तेव्हा?" मी हो म्हणालो. ती आत निघून गेली.

तिला अर्धंच माहीत आहे. उरलेलं तुला आणि मला.

डॉक्टरांचं इंजिन तू एकटीने बांधलंस, तुझं पहिलं. तू नव्या वाट्या मागितल्या होत्यास. मी जुन्यांवरून नख फिरवलं आणि म्हणालो, चालतील, याच बसव. तू दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा मी ओरडलो. महिन्याने गाडी तेल बदलायला आली तेव्हा तू ट्रे उन्हात धरलास आणि म्हणालीस, "बाबा, चमक दिसतेय. फिल्टर कापून बघू या." मी नट तुझ्यासमोर नाचवला. साफ होता. मॅग्नेट खोटं बोलत नाही, म्हणालो. आठ दिवसांनी भर रस्त्यात इंजिन जाम झालं.

डॉक्टर लालबुंद होऊन आले. "हे काम कुणाचं?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "इंजिन हिने बांधलंय." आणि तारेवरचा त्या गाडीचा कागद, ज्यावर मिस्त्री म्हणून मी होतो, तो काढून खिशात घातला. तू ते बघितलंस. तू बघितलंस हे मीही बघितलं. वाट्यांचं तू एका शब्दानेही काढलं नाहीस. हात पुसलेस, डगला खुंटीला टांगलास, आणि तिसऱ्या दिवशी गेलीस.

सोळा वर्षं माझ्या हाताखाली राबलीस, मी तुला कधी मिस्त्री म्हटलं नाही. म्हटलं ते एकदाच, आळ घालायची वेळ आली तेव्हा. मला त्याची लाज वाटते. हे चार वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. मी भित्रा आहे, दुसरं काही कारण नाही.

आज शटर उघडायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन आलो. फिल्टर त्यांच्या टेबलावर ठेवला, वाट्यांचं सांगितलं, कागदाचंही. त्यांनी फिल्टर उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "रागाने विचारलं होतं मी, खरंय. पण तुम्ही मुलीकडे बोट दाखवाल असं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी धरून चाललो." ओरडले असते तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला. तुला दोन ओळी लिहिणार आहेत.

तो जुना कागद परत तारेवर लावलाय, पहिल्या चिमट्याला, आत येणाऱ्याला दिसेल असा. मिस्त्रीच्या ओळीत मी आहे आणि राहणार. त्यावर थोडे सोनेरी कण डिंकाने चिकटवलेत. विचारेल त्याला सांगेन.

डॉक्टरांची निळी गाडी मागे पत्र्याखाली चार वर्षं उभी आहे, तुला आईने सांगितलं असेल. त्यांनी दुसरी घेतली, ही कधी नेली नाही. परत येताना नव्या वाट्या घेऊन आलो. बसवणार नाही. इंजिन उतरवून, धुऊन, कापड टाकून ठेवतो. तुझा डगला अजून त्याच खुंटीला आहे. मी फक्त त्याच्यावरची धूळ झटकत असतो.

एकवीस तारखेच्या आधी एक दिवस आलीस तर बघ. माफ कर म्हणून बोलवत नाही. तू यावंस एवढंच वाटतं, फार वाटतं. नाही जमलं तर दोन वर्षांनी ये. वाट्या गंजत नाहीत.

कॅलेंडरचं एक पान कापून ठेवलंय. तारीख रिकामी आहे. खालच्या दोन ओळी लिहून टाकल्यात. मिस्त्रीच्या ओळीत तू आहेस.

तुझ्या हाताखालचा,
बाबा