सावलीची सुतळी

सोमवार, ३ सप्टेंबर १९८४, सायंकाळी सव्वासहा. खिडकीशी बसून पेन्सिलींना टोक काढत आहे.

बुखारेस्टला पोचलो. आगगाडीत फोकशानीपासून उभाच होतो, पण आता सगळा शीण गेला. खोली छान आहे. लांबी तीन मीटर चाळीस, रुंदी दोन नव्वद. सामान लावण्याआधी मोजून घेतली. खिडकीबाहेर अक्रोडाचे झाड आणि टेकडीच्या उतारावरची कौले.

घरमालक झाहारिया काका निवृत्त गवंडी आहेत. हे घर त्यांनी स्वतः बांधले, एकेक वीट. बोलत फारसे नाहीत. त्यांची बायको आस्पाझिया मावशी दोघांच्या वाटचे बोलते. मी दाराशी टोपी काढली तर म्हणाली, असा शिकलेला भाडेकरू आजवर आला नव्हता. मी तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सोडली हे सांगितले नाही. रात्री भाजलेल्या वांग्याची चटणी आणि पाव मिळणार आहे. शहर आवडले.

बुधवार, ५ सप्टेंबर

मी ज्या मोजणी संस्थेत लागलो, तिचे अभिलेखागार तळघरात आहे. टेकडीवर सरकारची मोठी इमारत होणार, तिच्यासाठी जुन्या वस्तीचे जे जे घर पाडायचे, त्याचे आधी मोजमाप होते, नकाशा आणि फोटो होतो, मग ते सगळे एका फाइलीत बांधून फडताळावर ठेवतात. घर जाते, फाइल राहते. फीत धरून मोजायचे आणि फाइलीवर सुवाच्य अक्षरात वर्णन लिहायचे, हे माझे काम. माझे अक्षर पाहूनच मला घेतले.

जोडीला गेरासीम काका आहेत, तीस वर्षे फीत धरून वाकलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, की बाळा, तुला फितीचे कोणते टोक हवे, शून्याचे की आकड्याचे? मी आकड्याचे म्हणालो. ते म्हणाले, "हुशार आहेस. शून्याच्या टोकाला नेहमी घरमालक असतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आमचे प्रमुख कॉम्रेड पास्कू यांनी बोलावले. माझा शहरात राहण्याचा परवाना तात्पुरता आहे, डिसेंबरअखेर संपतो. कायमचा परवाना बाहेरगावच्या माणसाला मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या एका सहीने मिळू शकतो, हेही. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, मी नीट वागलो तर बघू.

परवाना नाही तर परत गाव, परत साखर कारखाना, परत थोरल्या भावाचे टोमणे. पुढे लिहवत नाही.

गुरुवार, २० सप्टेंबर

मावशीने अर्ज लिहून मागितला: घर सुस्थितीत आहे, सत्त्याहत्तरच्या भूकंपातही भेग पडली नाही, सबब पाडायच्या यादीतून वगळावे. मी तीन प्रती लिहिल्या. एकही खाडाखोड नाही. 'सुस्थितीत' हा शब्द कोशात पाहून घेतला. झाहारिया काकांनी कागद उजेडाकडे धरून ओळी सरळ आहेत का ते पाहिले, भिंतीला ओळंबा लावावा तसे. मग मला बिहीच्या फळांच्या मुरंब्याची बरणी दिली. मावशी म्हणाली, हे कुणाला मुरंबा देत नाहीत, मलाही मागावा लागतो.

गुरुवार, २७ सप्टेंबर

आज याच घराची फाइल आली.

कॉम्रेड पास्कूंनी सांगितले, वर्णनात लिहायचे: भूकंपाने भिंतींना आरपार भेगा, पाया खचलेला, राहण्यास धोकादायक. म्हणजे भरपाई कमी, आणि काम थांबत नाही. मी म्हणालो, मी तिथेच राहतो, भेगा नाहीत. ते म्हणाले, "मग तू सोडून कुणी लिहिलं तर शंका येईल. तू लिही. तू तर आत राहून बघितलंयस." आणि परवान्याचा अर्ज मेजावर सरकवला.

लिहिले. घर तसेही पडणारच होते. एका माणसाच्या लिहिण्या-न लिहिण्याने टेकडी थांबत नाही.

मुरंब्याची बरणी अजून अर्धी आहे.

बुधवार, १० ऑक्टोबर

नोटीस आली. सोबत वर्णनाची प्रत जोडलेली. असे कधी करत नाहीत. कुणी जोडली कळत नाही.

मावशीने ती प्रत आणि माझ्या अर्जाची प्रत शेजारी शेजारी मेजावर ठेवल्या. काही अक्षरांखाली शेपटी येते, ती मी उजवीकडे वळवतो. बाकी सगळे डावीकडे. तिने त्या शेपटीवर बोट ठेवले आणि एवढेच म्हणाली, की वळण फार सुरेख आहे. मग उठून आत गेली.

झाहारिया काकांनी मला सूप वाढले. मीठ हवे का विचारले. एवढ्या दिवसांत ते माझ्याशी इतके कधी बोलले नव्हते.

रविवार, १४ ऑक्टोबर

स्वच्छ ऊन. दुपारी बारा वाजता काका अंगणात सुतळीचा गुंडा घेऊन उभे होते. मला हाक मारली. वाटले, आता ऐकवणार. पण त्यांना मापाला मदत हवी होती. सामान बांधायला दोरी मापायची असेल असे समजलो.

"पोरा, पाठीवर ऊन घे. सरळ राहा. हे टोक टाचेखाली धर."

मी धरले. फितीचे टोक कुणी पुढे केले की माझा हात आपोआप जातो, सवयच झाली आहे. ते सुतळी जमिनीवरून ताणत पुढे गेले, ओणवे झाले, आणि माझ्या सावलीचे डोके जिथे संपत होते तिथे गाठ मारली. मी गमतीने म्हणालो, मला विचारले असते तर आकडाच सांगितला असता. डोळ्यांनी अंदाज केला, नंतर फितीने पडताळला: दोन मीटर तेवीस.

"आकडा नको," ते म्हणाले. सुतळी गुंडाळून छातीच्या खिशात ठेवली, वर रुमाल ठेवला.

रागावलेले दिसले नाहीत. बरे वाटले.

शनिवार, २० ऑक्टोबर

घर गेले. सकाळी नऊला सुरुवात, दुपारच्या जेवणाआधी काम आटोपले. भिंत पडत नव्हती म्हणून यंत्रवाल्याने शिव्या घातल्या. मी फोटोंचे क्रमांक घालत होतो. कापलेल्या भिंतीत वीट न् वीट ताठ दिसत होती.

त्या दोघांना शहराच्या टोकाला नवव्या मजल्यावर जागा मिळाली. मावशीने ऑक्टोबरचे भाडे घेतले नाही. मी नोटा पुढे केल्या, तिने हात मागे नेले.

माझा परवाना झाला. कामगार वसतिगृहात खाट मिळाली. झाहारिया काका टेकडीवरच्या नव्या, भल्यामोठ्या इमारतीच्या कामावर गवंडी म्हणून लागल्याचे ऐकले. या वयात! आश्चर्य वाटले.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

दहा दिवस खांदे दुखत आहेत. सकाळी तोंडात चुन्याची चव असते. आज थुंकलो तर पांढरे. तळघरातली धूळ असेल.

गेरासीम काकांना गंमत म्हणून सुतळीची गोष्ट सांगितली. त्यांनी पाव खाली ठेवला. टाचेखाली टोक कुणी धरले होते, असे विचारले. मी म्हणालो, मीच. त्यांनी छातीवर क्रूस काढला, तळघरात, पहारेकऱ्यासमोर.

मग हळू आवाजात सांगितले. पूर्वी मोठी इमारत टिकावी म्हणून गवंडी एखाद्या माणसाच्या सावलीचे माप सुतळीने चोरून घेत आणि ती सुतळी इमारतीच्या पायात पुरत. तो माणूस चाळीस दिवसांत मरतो. पण सुटत नाही. इमारत उभी आहे तोवर तिला खालून धरून राहतो. मी म्हणालो, या अडाणी समजुती. ते म्हणाले, "असतील. पण बहुतेकांचं माप चोरून घ्यावं लागतं, बाळा. तू तर टोक धरून दिलंस."

गुरुवार, ८ नोव्हेंबर

बांधकामावर गेलो. ओळखपत्र दाखवल्यावर आत सोडले. पाया इतका खोल की खालची माणसे पेन्सिलीच्या टोकाएवढी. झाहारिया काका कठड्याशी बसून कांदा-पाव खात होते. मला शेजारी बसायला जागा केली.

मी सगळे एका दमात बोललो. परवान्याचे, पास्कूंचे, नाइलाजाचे. म्हणालो, सुतळी परत द्या, मी वर्णन दुरुस्त करून देतो, शपथेवर. त्यांनी घास पूर्ण चावला. मग खालच्या काँक्रीटकडे बोट केले. राखाडी, केव्हाच घट्ट झालेले.

"जे उभं होतं, ते तू पडेल म्हणून लिहिलंस. आता हे पडणार नाही, असं धर."

मी विचारले, पास्कू का नाही? हुकूम त्याचा होता.

"त्यानं मुरंबा खाल्ला नव्हता."

आणि सुरी पुसून उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबून पाहिला. नवा खांब दाबून पाहतात तसा.

सोमवार, १२ नोव्हेंबर

गेरासीम काकांना विचारले, उपाय? त्यांच्या मते एकच. दुसऱ्याचे माप घेऊन त्याच पायात टाकायचे, ताज्या काँक्रीटमध्ये. पूर्वेच्या बाजूला अजून रोज ओततात. मग भार त्याच्यावर जातो. हे सांगताना ते माझ्यापासून लांब, सावलीत उभे होते.

सुतळी घेतली. पास्कू रोज बाराला पायऱ्यांवर सिगारेट ओढायला येतो. त्याने माझ्या हाताने लिहवून घेतले. त्यालाच घालीन खाली. पहिल्यांदाच इतके स्वच्छ ठरवले.

पण धुके. ऊन नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

धुके. पास्कू पायऱ्यांवर आला, त्याला सावलीच नाही. कुणालाच नाही.

आज हात आपोआप वर गेले. दोन्ही, डोक्याच्या वर, तळवे आकाशाकडे. खाली आणायला जोर करावा लागला. खोलीतला सोबती म्हणाला, "ए भाऊ, छत पडत नाहीये. सोड." बाकीचे हसले.

शनिवार, १७ नोव्हेंबर

ऊन! बारा वाजता पायऱ्यांवर पास्कू, पाठमोरा. त्याची सावली फरशीवर लांबच लांब. मी मागे बसलो, सुतळी काढली, टोक ठेवायला वाकलो —

माझी सावली फरशीवर नव्हती. त्याची होती, कठड्याची होती, माझ्या हातातल्या सुतळीचीसुद्धा होती, बारीक, हवेत तरंगणारी.

आणि हात पुन्हा वर गेले. सुतळी पडली. पास्कू वळला. म्हणाला, साविन, शरण येतोयस का कुणाला? आणि हसत आत गेला.

पुन्हा ढग.

मंगळवार, २० नोव्हेंबर

फाइल काढली. भेगा खोडल्या. लिहिले: घर सुस्थितीत. अक्षर वाकडे. माझे वाटत नाही. गेरासीम काकांनी फाइल परत फडताळावर ठेवली, माझ्याकडे न बघता. म्हणाले, आता कुणासाठी —

पाठीत काहीतरी बसले आहे. ओले. घट्ट होत चालले —

बुधवार

पश्चिमेकडे आज पहिला मजला चढला म्हणतात. मला कळले. सांगण्याआधी.

झाहारिया काकांना निरोप पाठवला. निरोप घेऊन गेलेला परत आला, म्हणाला, म्हातारा म्हणतो, बारा मजले आहेत अजून.

गुरुवार

हात खाली येतात ते थोडाच वेळ. तेवढ्यात लिहितो. खायला दुसऱ्याने भरवावे लागते. तोंडात चुना —

गावाकडच्या बहिणीने मला बघायला येऊ नये. आली तर उन्हात उभी राहू नये.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर. चाळिसावा दिवस. ऊन आहे.

हिशोब पूर्ण करून ठेवतो. मागे घोळ नको.

खर्च: पाव, तीन लेई. सुतळी, दोन लेई. बहिणीला मनीऑर्डर, दोनशे. परवान्याचे तिकीट, चाळीस.

देणे: गेरासीम काका, वीस लेई. आस्पाझिया मावशी, ऑक्टोबरचे भाडे, दीडशे. घेत नाही, तरी देणे.

झाहारिया काका, दोन मीटर तेवीस, पैकी फेड