शिळ्या इच्छेचं रूप

प्रिय शेपटे,

हाक वाचून नाक मुरडू नकोस. तू आता कुणाची मॅडम असशील, पण या घरात आजोबाच्या मागेमागे फिरणारं शेपूटच आहेस. हे पत्र समोरच्या चष्मेवाल्याकडे देतेय. तो उद्या तुझ्या शहरात फ्रेमा आणायला जातोय. त्याला चहा विचार. फोन का केला नाही म्हणशील, तर माझं नाव दिसलं की तू फोन घेत नाहीस. घेतलास तरी मी आधी भांडणार आणि कामाचं बोलायचं राहून जाणार. लिहिताना भांडायला दम लागतो. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर गिऱ्हाइकांच्या कपड्यांना टाचायच्या 'कंबर आत, बाही वर' असल्या चिठ्ठ्या सोडून मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुका काढत बसू नकोस. चुका काढणारा माणूस वर पलंगावर पडलाय.

तुझा बाप तुला फोनवर 'आजोबा बरे आहेत' म्हणतो, ते साफ खोटं. म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तुला कळवू नका, भांडण झालेलं आहे, आली तर दोघांनाही त्रास, असं तुझ्या आईबापाने परस्पर ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. बरं, झटक्यातून तगला. पण आता त्याने खाणं टाकलंय. चमचा ओठांशी नेला की दात आवळून धरतो. शुक्रवारी डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत. ती एकदा घातली की पुन्हा निघेल का, मी विचारलं. 'बघू' म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले. असलं 'बघू' मीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगते, कापड हातातून गेलेलं असलं की.

बोलणं गेलं म्हणाले खरं, पण सगळं गेलं नव्हतं. काय उरावं? माझं नाव नाही, मुलाचं नाही, पाणी नाही की दुखतंय नाही. उरलं ते जन्मभर क्लासात शिकवलेलं फ्रेंच क्रियापद! तेही रोजच्या बोलण्यातलं नव्हे. तुमचं ते अँपार्फे द्यु स्युब्जाँक्तिफ नावाचं रूप, ज्याचं नाव घेतानाच माझी कवळी हलते. बोलायला शिकवणारी एक बाई घरी येते, चित्रं घेऊन. तिने पेल्याचं चित्र दाखवलं. म्हातारा म्हणाला, 'क ज ब्यूस.' तिला वाटलं बरळतोय. ती म्हणाली, 'पाणी म्हणा, काका, पाणी.' हा आपला ब्यूस, ब्यूस, ब्यू. पुढे त्याचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, त्याने सांगितलं की हे पिण्याचंच क्रियापद आहे. बाई पुस्तकात काहीतरी शोधून म्हणाली, कधीकधी असं होतं. माणसाने जन्मभर घोकलेलं असतं ते तेवढं शाबूत राहतं, बाकी पुसलं जातं. मी म्हटलं, बाई, मग संसार घोकायला हवा होता यांनी.

पण त्या घोकंपट्टीवरच तो जगला, हे खरं. खाऊ घालायची युक्ती मला तिथेच सापडली. रूप म्हणायला तोंड उघडावं लागतं ना? 'क ज पार्लास' म्हणायला उघडलं की चमचाभर सूप आत. गिळलं की 'क त्यू पार्लास', दुसरा चमचा. 'किल पार्ला', तिसरा. 'पार्लासियों' म्हणताना तोंड चांगलं मोठं होतं, तिथे मी बटाट्याचा तुकडा घुसवायची. अशी मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते करत सहा रूपं संपेपर्यंत अर्धी वाटी जायची, मग दुसरं क्रियापद. तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, 'आई, हे काय चाललंय?' म्हटलं, जेवण चाललंय, तू तुझं बघ. शिवणयंत्रावर बसले तरी पाय हलवताना माझ्या तोंडात तेच. एका गिऱ्हाइकाने विचारलं, कसला मंत्र म्हणता? म्हटलं, नवऱ्याला जेवू घालायचा.

तू लहान होतीस तेव्हा मी त्याला विचारलं होतं, हे रूप लागतं कशाला. त्याने वीतभर बाही उसवून दाखवावी तसं सांगितलं होतं. 'ती यावी असं मला वाटतंय' म्हणायचं असेल तर साधं रूप चालतं. पण 'ती यावी असं मला वाटत होतं' म्हटलं, वाटणं मागे पडलेलं असलं, की मग 'येणं'ला हे रूप घालायचं. मी म्हटलं, म्हणजे इच्छा शिळी झाली की हे लागतं. तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. आणि मग म्हणाला, त्या देशात आता हे कुणी बोलत नाही, फक्त जुन्या पुस्तकांत उरलंय. मी म्हटलं, मग कुणी घालत नाही असला कोट तू या पोरीच्या मापाचा का शिवतोयस?  तो आपला शिवत राहिला. तू पण मजेत अंग पुढे करायचीस.

तुला नोकरी लागली. फोनवर परदेशी गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची, त्यांच्याच भाषेत. तू पेढीवर बसल्याच्या ऐटीत त्याला सांगायला आलीस आणि वर म्हणालीस, 'आजोबा, तुमचं ते रूप मी एकदा वापरलं, तर समोरचा माणूस हसला.' म्हातारा म्हणाला, 'तू दुकानदारी शिकलीस, भाषा नाही.' तू म्हणालीस, 'तुमची भाषा मेलेल्यांची आहे, तुम्हीच बसा तिच्या उशाशी.' जिन्यातच झालं सगळं. तू खाली उतरलीस, तो वर गेला. दोघांची खोपडी एकाच साच्यातली. मी दोघांनाही तेव्हाच शिव्या घातल्यात, आता पुन्हा घालत नाही.

आता पुढचं ऐक. परवापरवापर्यंत सहाच्या सहा रूपं तो एकटा म्हणायचा. मग एका सकाळी 'क ज वँस' म्हणाला आणि थांबला. दुसरं म्हणेना. दाराकडे बघत राहिला. मला वाटलं विसरला. मी आठवण दिली, 'क त्यू वँस.' त्याने मान हलवली, नाही. माझा उच्चार बोळक्या तोंडाचा असेल म्हणून तुझ्या आईने मोबाइल लावला. त्यात एक बाई खणखणीत आवाजात सगळी रूपं म्हणते. त्याने डाव्या हाताने मोबाइल पलंगाखाली ढकलला. मग त्या जुन्या विद्यार्थ्याला मुद्दाम बोलावलं. तो आता मोठ्या कॉलेजात शिकवतो. सरांसमोर आपली तयारी दिसावी म्हणून त्याने एका दमात सहाही रूपं धाडधाड म्हणून टाकली आणि शाबासकीची वाट बघत बसला. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून दात आवळलेले. दिवसातून कितीतरी वेळा पहिलं रूप म्हणतो, दाराकडे बघतो, आणि तोंड मिटतो. पोटात अन्न नाही, अंगात ताकद नाही, आवाज आता कुजबुजीवर आलाय. मी चमचा धरून बसते आणि सूप निवतं. गरम करते, पुन्हा निवतं. काल मी त्याच्यावर ओरडले. मग बायकोपणा सोडून हात जोडले. त्याचाही उपयोग झाला नाही. मला जे जे येतं ते सगळं करून झालं, पोरी. उसवून झालं, टाचून झालं, ठिगळ लावून झालं. आता माझ्या हातात काही नाही.

आज सकाळी मी जिना पुसत होते. वरून त्याचं 'क ज वँस' ऐकू आलं आणि माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. पायरीवर बसले तेव्हा मला ते दिसलं. त्याच्या क्लासमधून परतताना तुम्ही दोघं हा जिना कसे चढायचात? एका पायरीवर तो पाय ठेवायचा आणि पहिलं रूप म्हणायचा. पुढच्या पायरीवर तू, दुसरं रूप. मग तो, मग तू. तू चुकलीस तर दोघं पुन्हा खालून सुरू करायचात, आणि मी वरून ओरडायची की जेवण निवतंय. तो काही विसरलेला नाही. तुझी पाळी आहे म्हणून थांबलाय. मी मध्ये बोलले, मोबाइल बोलला, तो कॉलेजवाला बोलला, आम्ही सगळे दुसऱ्याच्या पायरीवर पाय ठेवत होतो. कॉलेजवाल्याला मी ते क्रियापद कसलं म्हणून विचारलं होतं. 'येणं' म्हणाला. तुला माफी मागायला बोलवत नाही. त्याच्याकडूनही मागवणार नाही, मागायला त्याच्याकडे शब्दच नाहीत. भाषा कुणाची मेली आणि कुणाची जगली याचा निकाल तुम्ही नंतर लावा. शुक्रवारच्या आत ये. बेल वाजवू नकोस, दार नुसतं लोटलेलं आहे. वर येऊन रडू नकोस, मला आवडत नाही. जिन्यातूनच मोठ्याने दुसरं रूप म्हण, त्याला ऐकू जाईल असं. मी चमचा भरून त्याच्या उशाशी बसलेली असेन. पहिली पायरी तो केव्हाचा चढून उभा आहे.

तुझीच,
तोंडाळ आजी