तोआनच्या चेहऱ्याचा रंग

सातवा महिना, शुद्ध षष्ठी

तोआनला बुरशी लागली. म्हणजे माझ्या पोराच्या फोटोला. गेल्या पुरापासून देव्हाऱ्याची भिंत ओली ती ओलीच. काचेच्या आतून गाल खाल्ला. जिवंत होता तेव्हा दाढी करायचा कंटाळा, आता मेल्यावर ही वाढवून बसला.

पुढच्या महिन्यात त्याचं श्राद्ध. सून म्हणाली, "आई, नवा मी घरीच छापते." दिएमकडं प्रिंटर आहे, गावाचे ओळखपत्राचे फोटो तीच काढते. हे लिहून घेणारीही तीच – मला अक्षर येत नाही. सुनेच्या कागाळ्या सांगायच्या त्याही सुनेच्याच हातून. लिही पोरी, गाळू नकोस काही.

शुद्ध अष्टमी

पहिला फोटो आला. चकचकीत कागद. बोटीच्या टपावर बसलाय, हसतोय. पण पिवळा. कावीळ झाल्यासारखा.

"देव्हाऱ्यापाशी लाल दिवा आहे आई, अंगणात नेऊन बघा."

नेला. अंगणातही पिवळा. मग जाड, बिनचमकेचा कागद. मग साधा. पिवळा आणि पिवळाच. दिएम सांगते, प्रत्येक कागद शाई वेगवेगळी पितो, प्रिंटरला आधी कागदाचं नाव सांगावं लागतं, नाहीतर तो चुकतो. हे मला कळतं. नवा तांदूळ थोड्या पाण्यात शिजतो, जुना जास्त मागतो. पण तिन्ही तांदूळ एकदमच बिघडले तर दोष तांदळाचा नाही, रांधणारीचा.

लिहिलंस? बरं.

शुद्ध दशमी

हवा दमट. शाई वाळत नाही.

शुद्ध द्वादशी

मी सांगत गेले, ती करत गेली. पिवळा कमी. अजून कमी. निळा वाढव.

"आई, चेहरा निळा पडला."

"माझ्या पोराचा रंग तू मला शिकव आता. तुझ्या हाती लागला तेव्हा उन्हानं रापलेला होता. तो तान्हा असताना मी त्याला न्हाऊ घातलाय."

"मीही त्याला धुतलंय, आई." एवढं म्हणाली आणि दुसरा कागद लावला.

मी बोलायला नको होतं. पण बोलले, तर लिहिलं पाहिजे.

पौर्णिमा

दारापुढं पेज आणि मीठ ठेवलं, बुडून गेलेल्यांसाठी. घरचं असो नाहीतर परक्याचं, आज सगळे भुकेले फिरतात.

तोआनला नदीतून काढला तेव्हा दिएमनंच काठावर त्याचं तोंड धुतलं. मला जाऊ दिलं नाही. पिकल्या पानानं हिरव्या पानामागं जायचं नसतं. आई रडली की गेलेल्याचा पाय अडतो, असं सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या. मागच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. मीही दुसऱ्या आयांना असंच बसवलंय, तेव्हा तक्रार कोणाकडं करू? पण मन ऐकत नाही. एकदा तोंड बघायला हवं होतं. ते राहिलं ते राहिलंच. म्हणून हा फोटो तरी नीट हवा. माझ्या वाट्याला तेवढाच आहे.

दिएम म्हणते हात दुखतो. पुरे.

वद्य तृतीया

जमला! जाड कागदावरचा. ना कावीळ, ना डाग. माझा गोरा, धुतलेला पोरगा. चौकटीत घालून देव्हाऱ्यात ठेवायला लावला.

शेजारची सहावी आली. भावंडांत सहावी, म्हणून नावही तेच. तिला म्हटलं, "बघ, आहे ना माझा तोआन?" ही बाई देवळातसुद्धा तोंड मिटत नाही. आज उदबत्ती लावली आणि चहा न घेता निघाली. फाटकापाशी दिएमला म्हणाली, "हे तू घरात ठेवतेस कशी गं?" कान शाबूत आहेत माझे. जळते मेली. तिच्या नवऱ्याचा फोटो काळापांढरा आहे ना.

दिएम भात जेवली नाही. देव्हाऱ्याकडं पाठ करून बसते हल्ली. बोलले असेन मी जास्त.

वद्य षष्ठी

शहरातनं डोळ्यांची डॉक्टरीण आलीय. मोतीबिंदू. दिएमनंच ओढत नेलं. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, डोळ्यातलं भिंग कडक चहाच्या रंगाचं झालंय. सगळं जग त्यातून गाळून बघता तुम्ही."

म्हटलं, "चहा फुकट मिळत असेल तर राहू दे की."

ती हसली. "काढलं की निळं आहे ते निळं दिसेल."

दिएमनं माझा हात घट्ट धरला. पोरगी सुईला फार भिते.

वद्य दशमी

पट्टी सुटली. घरी येऊन आधी देव्हाऱ्यापुढं उभी राहिले. चेहरा निळा.

दिएमला विचारलं, "त्या दिवशी काठावर असाच दिसत होता?"

म्हणाली, "हो, आई."

लिही म्हटलं. लिहितेय.