सोलोची जागा

३ मार्च
आज बँडच्या प्रॅक्टिसला प्रोड्यूसर आला. मिसरूड धड फुटलेलं नाही. म्हणाला, चमकी-लिपस्टिकवालं ग्लॅम रॉक आता चालत नाही, गाणं तीन मिनिटांत बसवा, चमचमाट कमी करा, लोकांना गुणगुणता आलं पाहिजे. माझा गिटार-सोलोच चार मिनिटांचा आहे! मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही. धक्का बसला असावा.
संकल्प : तत्त्वाला मुरड नाही.

५ मार्च
धाकटा साधा पांढरा शर्ट घालून आला. माझा सख्खा भाऊ, आमचा गायक. त्याला पहिली लिपस्टिक मी लावली होती. म्हणाला, दादा, टिकल्यांचं जाकीट टोचतं रे. इतकी वर्षं टोचलं नाही!
ड्रमर केस कापून आलाय. वर मला सांगतो, तू ताल सोडतोस. मी ताल सोडत नाही. तालच मागे राहतो.

६ मार्च, सकाळी
बायकोची कुरकुर. उशीवर चमकी, टॉवेलवर चमकी, मुलीच्या दुधात चमकी. म्हटलं, कलाकाराशी लग्न केलंयस. म्हणाली, मला वाटलं दिव्यांच्या दुकानातल्या सेल्समनशी केलं.
ती नोकरी तात्पुरती आहे. बारा वर्षं तात्पुरतीच आहे.

११ मार्च
उद्या रेकॉर्डिंग. सोलोला अर्ध्या मिनिटाची जागा ठेवलीय म्हणे. भीक घातल्यासारखी. जाणार नाही. जागा रिकामी राहिली की सगळे ताळ्यावर येतील, घरी येतील, माफी मागतील. थोडं ताणायचं, मग मोठ्या मनाने माफ.

१२ मार्च
गेलो नाही. धाकट्याचा एक फोन आला. उचलला नाही. दुसरा उचलायचं ठरवलं होतं.

१३ मार्च
फोन बिघडलाय बहुतेक. बायकोला करून बघायला सांगितलं. वाजला.

२ एप्रिल
कोणी फिरकलं नाही. कोणत्या तोंडाने येतील बिचारे? आई म्हणाली, तूच जा, मोठा आहेस, धाकटा तुझी वाट बघत होता रेकॉर्डिंगच्या दिवशी. म्हणजे पश्चात्ताप सुरू झाला.

२० एप्रिल
आपणच मोठेपणा घ्यायचा. उद्या केस कापायचे आणि तडक धाकट्याकडे जायचं. बोलायची गरज नाही, डोकं बघून समजेल. चंदेरी बूट मात्र घालणार. उंच टाचांचेच.

२१ एप्रिल
सलूनमध्ये अर्धं डोकं झालं आणि रेडिओवर धाकट्याचा आवाज. न्हावी म्हणाला, थांबा, आता मजा आहे. माझी जागा आली. गिटार नाही. माझं नाही, दुसऱ्या कोणाचंही नाही. नुसत्या टाळ्या. न्हाव्याने कात्री खाली ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागला. शेजारच्या खुर्चीतला माणूसही, तोंडाला साबण तसाच. न्हावी म्हणाला, या टाळ्यांसाठीच लोक गाणं ऐकतात हो.
मला रडू आलं. डोळ्यांत केस गेले म्हणून सांगितलं.
गाण्याच्या शेवटी ती जागा परत आली. मीही वाजवल्या, अंगावरच्या कापडाखाली. कापड हललेलं न्हाव्याला दिसलं. म्हणाला, साहेब, ताल सोडताय.