ओंडक्याच्या नावेत

तीर्थस्वरूप दादास,

यमूचा नागपूरहून साष्टांग नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. तुझा खोकला कसा आहे? वहिनीला गुळवेलाचा काढा करायला सांग.

रविवारी नात मुग्धा वॉटर पार्कला घेऊन गेली. तिकिटं फुकट मिळाली, म्हणून मीही गेले. तिथे ओंडक्यासारखी नाव पाण्याच्या पन्हळीतून उंचावरून खाली सोडतात. आपले बाबा डोंगरावरून सागाचे ओंडके नदीत सोडायचे ना, अगदी तशी. बसण्याआधी मी चपला काढल्या आणि नावेला नमस्कार केला. तिथला माणूस हसला, “आजी, देऊळ नोहे हे! चपला काहून काढून राहिल्या?” ओंडक्यावर पाय ठेवण्याआधी बाबा चपला काढून नमस्कार करायचे, ती शिस्त त्याला काय सांगू?

मुग्धाचा हात घट्ट धरला होता. नाव कोसळली आणि तो कधी सुटला, मला कळलंच नाही. रामाचं नावही तोंडात आलं नाही. पट्टा होता, म्हणून पोर हसत खाली आली. मी मात्र रडत होते.

दादा, ओंडक्यांबरोबर बाबा वाहून गेले तेव्हा त्यांचा हात तू सोडला नव्हतास, तो सुटला होता. इतकी वर्षं तू श्राद्धाला मागे उभा राहतोस आणि तर्पण काकांच्या मुलाला करायला लावतोस. यंदा बाबांना पाणी तू दे. मी येते, तुझ्या शेजारी उभी राहीन.

तुझी
यमू