हिच्या गुडघ्यातली झीज

४ फेब्रुवारी
ही बहिणीकडे जाऊन राहिली आहे. कारण गुडघे. "तीन मजल्यांचे जिने आता झेपत नाहीत," म्हणाली आणि मोठी बॅग घेऊन उतरली. छोटी पुरली असती.
बाकी नवरे हात चोळत बसले असते. मी एमआरआय टेक्निशियन आहे! साध्या एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी फाटली तरच दिसते. आमच्याकडे आता टी-टू मॅपिंग आलंय. गादीतल्या पाण्याचं गणित जरा बिघडलं की लगेच कळतं. निरोगी भाग निळा, बिघडू लागलेला लाल. झीज सुरुवातीलाच पकडायची, व्यायाम सुरू करायचे, महिनाअखेर ही घरी.
(माझाही गुडघा जिन्यात कटकट वाजतो. त्याला सवयच आहे.)

७ फेब्रुवारी
फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, ताई फिरायला गेलीय. हलकं चालणं चांगलंच.
मेहुणी चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. पण तिथल्या पायऱ्या ठेंगण्या असणार.

९ फेब्रुवारी
संकल्प: फोनवर टी-टू मॅपिंग समजावायचं नाही.
समजावलं. हिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "येते मी. तुमच्या समाधानासाठी."
येते म्हणाली!

१२ फेब्रुवारी
तळमजल्यावरचं एक घर बघून आलो. अंधार आहे, भिंतीला ओल आहे, शेजारी पाण्याचा पंप घरघरतो. बाकी झकास. घरमालकाला सांगितलं, पडद्यांचा रंग ही ठरवेल.

१५ फेब्रुवारी, सकाळ
आज स्कॅन. त्याआधी अर्धा तास पेशंटला नुसतं बसवून ठेवायचं असतं. गुडघ्यावर भार पडला तर गादीतलं पाणी हलतं आणि आकडे चुकतात. म्हणजे अर्धा तास ही माझ्यासमोर, आणि उठून जायची सोय नाही. काय बोलायचं ते पाठ केलंय. तुझ्याशिवाय घर खायला उठतं, इथून सुरुवात.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अर्धा तास पाण्याच्या रेणूंबद्दल बोललो. कसा गेला कळलंच नाही.
मध्ये हिने विचारलं, "जेवता ना वेळेवर?" मी म्हटलं, बोलताना पाय हलवू नकोस.
मग म्हणाली, "मी निघाले तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत." मी म्हटलं, विचारलं होतं, कुठला गुडघा म्हणून. त्यावर ही हसली, पण तिचं नेहमीचं हसणं नव्हे.
अंगावरचं धातूचं काढ म्हणालो. काढायला काही नव्हतंच. अंगठीसुद्धा आधीच काढलेली. किती शिस्तीची बाई!

१७ फेब्रुवारी
रिपोर्ट. दोन्ही गुडघे निळे. कडेपासून कडेपर्यंत, कुठे ठिपकासुद्धा नाही. डॉक्टर खूश. म्हणाले, या वयात अशी गादी! निरोगी गुडघ्याचा नमुना म्हणून हेच फोटो ठेवू.
मशीन बिघडलंय. कंपनीच्या इंजिनियरला बोलावलंय.

१८ फेब्रुवारी
इंजिनियर दिवसभर तपासत होता. मशीन ठणठणीत आहे म्हणतो.
सबंध संध्याकाळ ते निळे फोटो बघत बसलो. मग ठरवलं, गुडघे खराब आहेत असंच हिला सांगायचं. निदान कारण तरी शिल्लक राहील. तिलाही आणि मलाही.

१९ फेब्रुवारी
फोन केला. सांगितलं, थोडी सुरुवात झालीय, जिने टाळ.
ही म्हणाली, "डॉक्टरांचा फोन येऊन गेला मला. नमुना म्हणून फोटो वापरायचेत, चालेल का विचारत होते."
मी समोरचा निळा फोटो पालथा घातला.
"मी हो म्हटलं," म्हणाली. आवाज रडवेला होता. "फोन ठेवू का आता?"
ठेव म्हटलं. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं.
तळमजल्याच्या मालकाला नको म्हणून कळवलं. तिन्ही जिने चढून वर आलो. फार रडू आलं. दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं होतं, डावा गुडघा भयंकर दुखतोय. हिला सांगायला हवं, असं पहिल्यांदा मनात आलं.