भाऊजींच्या बिल्ल्यापायी पदक

दवाखाना, ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छाती आता मोकळी आहे. खोकला उरलाय तो भेटायला येणाऱ्यांना दाखवण्यापुरता. मला शौर्यपदक मिळणार, हे कळलंच असेल. पण मानपत्रात लिहिलंय की मी साहेबांना वाचवायला आत झेपावलो. ताई, देवाशप्पथ, साहेब माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

आमच्या बर्फाच्या कारखान्यात आत जाताना जो तो आपला पितळी बिल्ला दाराच्या खिळ्याला अडकवतो, बाहेर पडताना काढून घेतो. टाकीतून अमोनिया वायूची गळती झाली, सगळे पळाले, आणि एकच बिल्ला लटकत राहिला. भाऊजींचा! बाबांच्या सायकलीवरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद, तरी पाय आपोआप आत वळले. हाताला लागला त्याला ओढत आणलं, तर साहेब! टाकीमागे गुपचूप झोपायचं म्हणून त्यांनी बिल्लाच लावला नव्हता. आणि भाऊजी? बिल्ला तसाच विसरून समोरच्या टपरीवर चहा पीत होते.

खोट्या मानपत्राखाली मान वाकवायची देवापुढे लाज वाटते. खरं सांगावं, तर पाळी सोडून गेल्याबद्दल भाऊजींची नोकरी जाईल. म्हणून पदकच नको असं कळवतोय. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

घर, ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नवऱ्याला सांगू नकोस, असं बायकोला लिहिणारा तू एकटाच शहाणा. जेवताना मी पत्र मोठ्याने वाचलं. ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, त्या चक्रमाला माझ्यासाठी आत जायला कुणी सांगितलं होतं! मग उठून न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. डोळे लाल का, विचारलं, तर साबण गेला म्हणे. साबण तर परवाच संपलाय.

आज इस्त्रीचा सदरा घालून साहेबांकडे गेलेत. माझा जीव टांगणीला लागलाय. ते परत येईपर्यंत पदकाला नाही म्हणू नकोस.

लोभ तुझ्याकडे आहेच, थोडी अक्कलही असू दे.
तुझी ताई

घर, ११ मार्च

रा. रा. शूरवीर मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, आधी मानपत्र दुरुस्त करा, मग मला खुशाल काढा. त्यांनी उठून दार लावून घेतलं. खरं लिहायचं तर स्वतःची झोपही लिहावी लागेल, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पण माणूस सरळ निघाला. तू भाऊजींसाठी गेलास आणि सापडले साहेब, असंच लिहायला लावलं. मला आठवडाभर बिनपगारी घरी बसवलंय. चहा महाग पडला. त्यांनी स्वतःला काय शिक्षा केली, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तेव्हा निमूटपणे पदक घे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि पुन्हा माझ्यासाठी असा आत शिरलास, तर तंगडी मोडून हातात देईन. दोन वर्षांनी तुझ्याशी बोलतोय, गोड मानून घे.

लोभ असावा, असं लिहीत नाही. तो पाहिला.
तुझा,
भाऊजी